मळीतला पालाश पुन्हा उसाच्या मुळाशी



गटसभेत एक प्रश्न हमखास निघतो: डिस्टिलरीतून जे काळे पाणी निघते त्याचे पुढे होते काय, आणि त्यात ऊस उत्पादकाचा फायदा कोणता? एक टन उसापासून हिशोब मांडला की गोष्ट सोपी होते.

एक टन ऊस गाळला की साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. ती आंबवून, उकळून १० लिटरच्या आसपास अल्कोहोल मिळते. मागे उरते ते स्पेंटवॉश, अंदाजे १०० लिटर. (हा हिशोब सी-हेवी मळीचा. बी-हेवी मळी किंवा रस वापरला की आकडे बदलतात.) हे पाणी गरम, आंबट व गडद तपकिरी असते. ओढ्यात गेले तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. जमिनीत झिरपले तर विहिरीचे पाणी तांबडे होते. म्हणूनच २००३ च्या प्रदूषण नियंत्रणाच्या सनदेने डिस्टिलऱ्यांवर हे पाणी नदीनाल्यात अजिबात न सोडण्याची अट घातली.

या पाण्यावरचा पहिला उपाय आपल्या ओळखीचाच आहे. गोठ्यामागचा गोबरगॅस आणि डिस्टिलरीचा डायजेस्टर यांचे तत्त्व एकच: हवाबंद टाकी आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू. काम टप्प्याटप्प्याने चालते. काही जिवाणू मोठे सेंद्रिय पदार्थ फोडतात. दुसरे त्यापासून ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्ले करतात. शेवटचे त्या आम्लांपासून मिथेन वायू करतात. हे शेवटचे जिवाणू नाजूक असतात. खाद्य एकदम जास्त पडले तर आम्ले साठतात, टाकी आंबते आणि वायू थांबतो. बैलाला एकदम जास्त आंबोण घातल्यावर होते तसेच म्हणा ना!

हॉलंडमध्ये प्रा. लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात अशा टाकीची सुधारित रचना केली. जिवाणूंचे दाणे गाळासारखे तळाशी राहतात व सांडपाणी खालून वर चढते. तिची सुरुवातीची मोठी चाचणी बीटापासून साखर करणाऱ्या कारखान्यातच झाली. पुढे बिअरच्या कारखान्यांनी ती मोठ्या प्रमाणावर उचलली.

आता कोणी म्हणेल, आम्लांच्या टप्प्यावरच थांबून रसायने का विकू नयेत? विचार चुकीचा नाही. ॲसेटिक आम्लाला बाजार आहे. त्यात थोडे अल्कोहोल व योग्य जिवाणू असतील तर कॅप्रोइक आम्लही तयार होते. त्याला बोकडासारखा वास येतो, पण किंमत चांगली येते, आणि ते पाण्यात फारसे विरघळत नसल्याने तेलासारखे वेगळे काढता येते. अमेरिकेत मक्याच्या अल्कोहोलच्या आंबवणावर याचे प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाले. अडचण आहे ती पातळ द्रावणातून आम्ल वेगळे करण्याच्या खर्चाची. वायूचे तसे नाही. तो आपणहून वर येतो.

घनमीटरभर स्पेंटवॉशपासून सुमारे ३० घनमीटर वायू मिळतो. एकरी ४० टन उसाचे स्पेंटवॉश ४,००० लिटर धरले तर १२० घनमीटर वायू झाला, म्हणजे घरगुती साडेतीन ते चार सिलिंडरांएवढे जळण. त्यातला सडक्या अंड्यासारखा वासाचा हायड्रोजन सल्फाइड काढावा लागतो. नाहीतर तो यंत्रे खातो. काढताना गंधकही हाती लागते.

आता मुख्य मुद्दा. वायूतला कार्बन उसाच्या पानांनी हवेतून घेतलेला. तो जळून परत हवेतच जातो. पालाश मात्र आपल्या जमिनीतून आलेला. डायजेस्टर सेंद्रिय भाग खातो, पालाशाला हात लावत नाही. स्पेंटवॉशमध्ये तो साधारण एक टक्का असतो. म्हणजे एकरी ४० टन उसामागे सुमारे ४० किलो! सुरू उसाची पालाशाची शिफारस हेक्टरी ११५ किलो, म्हणजे एकरी ४६ किलो आहे. जवळजवळ पूर्ण डोस मळीबरोबर शिवाराबाहेर जातो, आणि आपण परदेशातून आलेले म्युरेट ऑफ पोटॅश विकत आणतो.

तो परत आणण्याचे मार्ग दोन. प्रेसमडवर हे पाणी मुरवून केलेले कंपोस्ट, किंवा स्पेंटवॉश आटवून, जाळून राखेपासून केलेले पालाश खत. या खताला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये अनुदान योजनेत घेतले. त्यात पालाश १४.५ टक्के, तर म्युरेटमध्ये ६० टक्के. ४० किलो पालाशासाठी म्युरेट ६७ किलो लागते, हे खत २७६ किलो. तेव्हा पोत्याचा भाव न पाहता पालाशाच्या किलोचा भाव काढावा.

शेवटी एक कळकळीची सूचना. कोणी टँकरने कच्चे स्पेंटवॉश फुकट देतो म्हणाला तरी शेतात सोडून घेऊ नका. डायजेस्टरमधून आलेल्या पाण्यातही रंग व क्षार शिल्लक असतात. क्षारपड जमिनीला ते विषच. फुकटाच्या पाण्याने विहीर गेली तर ती पुन्हा सुधारायला वर्षे लागतात. माती परीक्षण करून मगच कंपोस्ट किंवा पालाश खताची मात्रा ठरवावी.

आणि वार्षिक सभेत वायूचे उत्पन्न विचाराल, तेव्हा एक प्रश्न आणखी विचारा: आमचा पालाश किती परत आला? वायू खुशाल विकावा, पण पालाश शिवारातच यायला हवा.

— ऊस विकास अधिकारी