कळांची वर्दी

पुण्यातल्या कुठल्याही फिजिओथेरपीच्या दवाखान्यात सकाळच्या वेळी डोकावलं, तर पडद्याआड कोणी ना कोणी ‘करंट’ घेत पडलेलं दिसतं. मान धरलेली, कंबर आखडलेली, गुडघे कुरकुरणारे. पाळीच्या दुखण्यासाठी तिथे येणारी बाई मात्र विरळाच. मी गेले ते मैत्रिणीच्या आग्रहाने, आणि मुद्दाम पाळीच्या पहिल्या दिवशी. दुखत नसताना हे मशीन लावून काहीच कळत नाही.

मशीनचं नाव टेन्स. त्वचेवरून नसांना विजेचे बारीक झटके द्यायचं काम ते करतं. मशीन तळहातावर मावेल एवढं, त्यातून दोन वायरी निघतात आणि प्रत्येकीला दोन-दोन काळे रबरी पॅड. “तेल, बाम, क्रीम काही लावलंय का ताई?” हा फिजिओथेरपिस्ट मुलीचा पहिला प्रश्न. पोट दुखलं की आपल्याकडे आधी तेल किंवा हिंग चोळायची सवय, आणि तेलकट कातडीतून करंट नीट जात नाही. तिने ओल्या कापसाने जागा पुसली, कोरडी केली, पॅडवर कडेपर्यंत जेल पसरलं. दोन पॅड बेंबीखाली ओटीपोटावर, दोन पाठीमागे कमरेच्या वरच्या अंगाला. वरून वेल्क्रोचा पट्टा. कडेला जेल कमी पडलं की करंट मधल्या ओल्या भागात एकवटतो आणि सुई टोचल्यासारखं होतं, म्हणून तिने प्रत्येक पॅड बोटाने दाबून पाहिला. पॅड एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, हेही तिने जाता जाता सांगितलं.

ही जागा अंदाजाने ठरवलेली नसते. गर्भाशयाच्या वरच्या भागातल्या वेदना घेऊन जाणाऱ्या नसा मज्जारज्जूत शिरतात त्या छातीच्या शेवटच्या दोन-तीन आणि कमरेच्या पहिल्या पातळीवर. बेंबीपासून खालच्या पोटाच्या कातडीच्या नसाही तिथेच पोचतात. म्हणून तर दुखतं गर्भाशय आणि आपण धरून बसतो पोट आणि कंबर.

मग बटण. “मुंग्या आल्या की सांगा.” आल्या. “अजून वाढवते. जोरात वाटलं पाहिजे, पण दुखता कामा नये.” पडद्यावर १०० चा आकडा होता, म्हणजे सेकंदाला शंभर झटके. एकेक झटका जेमतेम सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाएवढा. आधी नुसती गुदगुली, मग गजबज, मग पोटाचा स्नायू अगदी किंचित थरथरला. तिने लगेच एक घर खाली आणलं. तेवढ्यात पुढची कळ आली. आली हे समजलं, पोट आवळलं तेही समजलं. पण एरवी जी मांड्यांपर्यंत उतरते आणि घाम फोडते, ती त्या मुंग्यांच्या गलक्यात अर्धवट ऐकू आल्यासारखी निघून गेली.

यामागचा विचार १९६५ चा. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला: मज्जारज्जूत एक दार आहे, स्पर्शाच्या जाड, वेगवान नसांची वर्दळ वाढली की वेदनेच्या बारीक नसांचा निरोप त्या दारातून कमी जातो. कोपर आपटलं की आपण विचार न करता चोळतो, ते याच नसा जागवतं. मूळ सिद्धांतात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण टेन्सचा पाया तोच राहिला.

मला सगळ्यात पटलेला पुरावा स्वीडनमधला, १९९४ चा. पाळीत तीव्र दुखणाऱ्या बायकांच्या गर्भाशयातला दाब तिथल्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष मोजला. नॅप्रोक्सेनची गोळी दिल्यावर गर्भाशयाचं आवळणं कमी झालं आणि दुखणंही. टेन्स लावल्यावर दुखणं कमी झालं, आवळणं मात्र होतं तसंच. गोळी गर्भाशयाला आवळायला लावणारं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखते. मशीन गर्भाशयाच्या वाटेला जात नाही, ते फक्त वर जाणारी वर्दी अडवतं. त्यामुळे दोन्ही एकत्र चालतात, आणि मशीनमुळे गोळ्या कमी लागल्या तरी पुष्कळ. आपल्याकडे पाळीला मेफेनॅमिक अ‍ॅसिड चणे-फुटाण्यासारखं खाल्लं जातं. त्याने क्वचित होणाऱ्या गंभीर रिअ‍ॅक्शनबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३ च्या अखेरीस डॉक्टरांना आणि रुग्णांना सावध केलं होतं.

संशोधनात एक अडचण कायमची आहे. तुलनेसाठी दिवा लागतो पण करंट येत नाही असं खोटं मशीन देतात, आणि मुंग्या येतात की नाही हे कुठल्या बाईला कळणार नाही? तरीही झटक्यांचा वेग जास्त ठेवला तर फायदा होतो, हे बऱ्याच छोट्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलं आहे.

खरी गोम बटणात आहे. दहा-पंधरा मिनिटांत शरीर सरावतं, मुंग्या विरल्यासारख्या वाटतात आणि कळ पुन्हा डोकं वर काढते. तेव्हा करंट एक घर वाढवायचा. “टेन्सने मला काही झालं नाही” म्हणणाऱ्या कितीतरी जणींनी तो गुदगुलीवरच ठेवलेला असतो, असं ती मुलगी म्हणाली, आणि मला ते खरं वाटतं. विजेची भीती आपल्याला लहानपणापासून घातलेली. दुसरी गोष्ट, मशीन बंद केलं की आराम फार टिकत नाही. म्हणजे ते अंगावर हवं, दवाखान्यातल्या खाटेशेजारी ठेवून उपयोग नाही. पाळी काही अपॉइंटमेंट घेऊन येत नाही.

घरगुती मशीन दोन-तीन हजारांत मिळतं. कुर्त्याखाली ते बेमालूम लपतं. साडीत मात्र परकराची नाडी नेमकी पॅडवर येते आणि निऱ्यांत वायर अडकते. तेव्हा नाडी खाली बांधायची किंवा त्या दिवशी साडी नेसायची नाही. पेसमेकर असेल तर हे मशीन लावू नये, दिवस गेल्याची शंका असेल तर पोटावर तर नाहीच. फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं. बधिर किंवा जखमेच्या जागी पॅड नको. आणि दुखणं वर्षागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही पोट दुखत असेल, तर करंट वाढवत बसण्याआधी सोनोग्राफी करून घ्यावी. एंडोमेट्रिओसिस मुंग्यांखाली दडपता येतो, बरा होत नाही.

काढताना आधी बटण शून्यावर, मग पॅड. उलट केलं तर सुटणाऱ्या कडेला चांगलाच चटका बसतो. घरातल्या दोघी-तिघींनी एक मशीन वापरायला हरकत नाही, घरगुती मशीनचे चिकट पॅड मात्र जिचे तिचे. ते प्लास्टिकच्या कागदावर परत नीट चिकटवून ठेवले तर बरेच दिवस चालतात. उघडे टाकले तर पुढच्या पाळीपर्यंत त्यांची खरवड झालेली असते.