भजनाच्या कीबोर्डला कुठला अडॅप्टर?

आमच्या गटानं भजनासाठी कीबोर्ड घेतला. अडॅप्टर हरवला, म्हणून एकीनं सेट-टॉप बॉक्सचा लावला. पिन बसली, पण वाद्य बंद पडलं. वाद्य ९ व्होल्टचं, अडॅप्टर १२ चा! बचतीचे पैसे दुरुस्तीत गेले.

पिन बसली म्हणजे जमलं, असं नसतं. वाद्यामागचं लेबल वाचा. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. कमी असले तर अडॅप्टर तापतो. दोन्हीकडे ‘डीसी’ लिहिलंय ना, ठिपक्याच्या चित्रातलं अधिक-उणे सारखंच आहे ना, तेही जुळवा. बीआयएसचं चिन्ह बघा. सोललेल्या वायरीला चिकटपट्टी लावून वापरू नका.

दुकानात जाताना लेबलचा फोटो मोबाइलमध्ये न्या आणि नव्या अडॅप्टरवर वाद्याचं नाव लिहून ठेवा.