झाकायची, कोंडायची नाही

मे महिना संपत आला की आमच्या खाडीकाठी गडबड सुरू होते. जून-जुलैत समुद्र बंद. होड्या वर ओढायच्या, टेकू द्यायचे, शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहायची. होडी वर आली म्हणजे ती सुरक्षित, असं आपल्याला वाटतं. पण मंडळी, लाकडी होडी समुद्रात जेवढी खराब होत नाही, तेवढी रिकामी उभी असताना होते.

हे मी अनुभवाने शिकलो. होडीचा कारभार नुकताच माझ्याकडे आला होता. झावळ्यांचा खटाटोप नको म्हणून मी नवीकोरी प्लॅस्टिकची ताडपत्री आणली आणि होडी पार खालपर्यंत घट्ट गुंडाळली. ऑगस्टमध्ये दोर सोडले तर आतून कुबट वास आला. केबिनला पांढरी बुरशी, आत ठेवलेली जाळी काळी पडलेली. काकांनी खिशातला चाकू काढून माशाच्या खणामागच्या एका बरगडीला टोचला. तो लोण्यात जावा तसा आत गेला. काका एवढंच म्हणाले, "अरे, होडी झाकायची असते, कोंडायची नसते." बरगड्या बदलण्यात हंगामाचा पहिला महिना गेला. चाकू टोचला नसता तर? त्या होडीवर सहा माणसं समुद्रात जाणार होती.

मग चूक नेमकी कुठे झाली? लाकूड कुजवते ती बुरशी. तिला खाद्य, ऊब, हवा आणि ओल लागते. पहिल्या तीन गोष्टी आपल्या हातात नाहीत, ओल मात्र आहे. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशीला सहसा वाढता येत नाही. हवेतली आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकूड १६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, ९० टक्के असेल तर २० च्या जवळ जातं. म्हणजे कोकणातल्या पावसाळ्यात आपण धोक्याच्या रेषेवरच उभे असतो. वरची थोडीशी ओलसुद्धा पुरते.

ही जादा ओल येते कुठून? एक तर गळणारं पावसाचं पाणी. दुसरं, आत ठेवलेले ओले दोर, जाळी, गाद्या. तिसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २५ अंशाला फक्त २३ ग्रॅम. दिवसा ताडपत्रीखाली हवा तापते आणि ओल शोषून घेते. रात्री ती गार झाली की जादा वाफ पाणी होऊन प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला जमते आणि खाली ठिबकते. माझ्या होडीत दोन महिने रोज रात्री असा पाऊस पडत होता!

आणि हे पाणी गोडं. खाऱ्या पाण्यात मुरलेल्या लाकडावर बुरशीचं फारसं चालत नाही. म्हणून पाण्याखालच्या फळीपेक्षा डेकखालचे सांधे आणि बर्फाचं पाणी झिरपतं तो माशाचा खण आधी कुजतो.

आता काय करायचं ते सांगतो. होडी वर आली की मेच्या उन्हातच केबिन गोड्या पाण्याने धुवा, कारण आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साठलेलं मीठ हवेतलं पाणी ओढतं. धुतल्यावर आठ दिवस पूर्ण वाळू द्या. तळ मात्र खाऱ्या पाण्यानेच धुवा. तळाचं बूच काढून ठेवा आणि होडी किंचित कलती ठेवा, म्हणजे आत आलेलं पाणी निघून जाईल. पायाखालच्या फळ्या उचला, कप्प्यांची झाकणं उघडी ठेवा, कापडी सामान घरी न्या. डेकच्या वर बांबूचा आढा बांधून त्यावर झावळ्या किंवा ताडपत्री उतरती टाका. ती लाकडाला टेकू देऊ नका. पुढची-मागची तोंडं उघडी ठेवा, फक्त पाऊस आत येणार नाही एवढी वळचण सोडा. एका बाजूने वारा शिरला पाहिजे, दुसऱ्या बाजूने निघाला पाहिजे.

ओल शोषणाऱ्या रसायनांच्या डब्या बाजारात मिळतात. बंद कपाटात त्या ठीक आहेत. उघड्या होडीत त्या सगळ्या कोकणाची हवा कोरडी करायला बसतात!

उलट टोकही गाठू नका. कडक उन्हात होडी उघडी ठेवली तर फळ्या आकसतात, फटी पडतात. सावली हवी आणि वाराही हवा.

शेवटचं म्हणजे दर आठवड्याला होडीत डोकावा. आधी नाकाने वास घ्या, मग हाताने सांधे चाचपा. शंका आली तर चाकूचं टोक लावून पाहा. काका गेले, पण त्यांचा चाकू अजून माझ्या खिशात असतो.