वेळापत्रकात एक तास बागेचा

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या वेळापत्रकात गणिताला तास असतो, इतिहासाला असतो. मग बागकामाला असावा काय? मीरा रोडसारख्या दाट वस्तीत हा प्रश्न काढला, की तीन हरकती पुढे येतात : त्यातून शिकायचे काय, जागा कुठली आणि वेळ कुठला?

पहिली हरकत प्रथम घेऊ. मीरा-भाईंदर हा खाडीकाठचा, मिठागरांचा परिसर. तेथील खाजणात तिवरे जोमाने वाढतात. पण तेथे मेथी पेरली तर? दोन कुंड्यांत मेथी लावून पाहा. रोपे बोटभर झाली, की एका कुंडीला साधे पाणी घाला. दुसरीला लिटरभर पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवून ते पाणी द्या. काही दिवसांत दुसऱ्या कुंडीतील रोपे माना टाकू लागतील. माती ओली, पण रोप तहानलेले! मुळांत पाणी शिरते ते परासरणाने. मातीतील पाण्यात क्षार वाढले, की मुळांना ते ओढून घेणे कठीण होते. तिवर जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. मेथीला ते साधत नाही.

आता जागा. पटांगण नसेल, तर गच्ची आहे. मात्र आधी हिशेब करा. एक चौरस मीटर जागेवर १५ सेंटिमीटर मातीचा थर दिला, तर तिचे घनफळ ०.१५ घनमीटर होईल. ओल्या मातीची घनता घनमीटरला सुमारे १,७०० किलोग्रॅम धरल्यास वस्तुमान झाले २५५ किलोग्रॅम! माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे १५० किलोग्रॅम भार धरतात. म्हणून मातीचा सलग थर नको. पालापाचोळ्याचे खत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा घातलेल्या हलक्या कुंड्या सुट्या सुट्या ठेवाव्यात, आणि त्याही इमारतीच्या अभियंत्याला विचारूनच. भार आणि घनता यांचा याहून चांगला धडा कोणता?

राहिला वेळ. ‘शाळा सुटल्यावर करा’ असे म्हणणे सोपे आहे. पण मग ज्याला शिकवणीला जायचे आहे किंवा घरी धाकट्या भावंडाला सांभाळायचे आहे, तो वगळला जातो. शाळेच्या वेळेतले शिक्षण मात्र सर्वांचे असते. आठवड्याला एक तास आणि पाळीपाळीने रोज दहा मिनिटे एवढे पुरे.

ही कल्पना नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. सेवाग्रामला २००५ साली सुरू झालेल्या ‘आनंद निकेतन’ शाळेत मुले शेती-बागेतून शिकतात.

शिक्षकांनी एक पथ्य मात्र पाळावे. नुसते तण उपटायला लावले, तर ती वेठ होईल. शिक्षा म्हणून लावले, तर मुलांना बागेचा कंटाळा येईल. खुरप्याबरोबर वही हवी. पाणी किती घातले, रोप किती वाढले, पान कधी सुकले, याची रोज नोंद हवी.

तेव्हा मित्रांनो, पावसाळा संपला की दोन कुंड्यांपासून आरंभ करा, आणि महिनाभराच्या नोंदींची वही मुख्याध्यापकांपुढे ठेवा. तास मागायला तेवढा पुरावा पुष्कळ आहे.