‘ऐकत नाही’ असे म्हणण्यापूर्वी

तिसरीच्या वर्गात गुरुजी सांगतात, “वही काढा, तारीख लिहा, पाठ उतरवून घ्या आणि झाला की दाखवा.” एक मुलगा वही काढतो व तेथेच थांबतो. बोईसरकडील एका शाळेस भेट दिली असता मी असा मुलगा पाहिला. त्याच्या नावापुढे ‘आळशी, ऐकत नाही’ असा शेरा होता.

वास्तविक त्याने चार सूचनांपैकी पहिली पाळली होती; उरलेल्या तीन ध्यानातून निसटल्या होत्या. सांगितलेले मनात धरून ठेवणे, मनाची ओढ आवरणे आणि एका कामातून दुसऱ्याकडे वळणे, या शक्तींना कार्यकारी क्षमता म्हणतात. कपाळामागील मेंदूच्या भागाशी त्यांचा निकटचा संबंध असून त्या विशीनंतरही परिपक्व होत राहतात. काही मुलांत त्या मागे पडतात. हा बुद्धीचा दोष नव्हे, तसाच उद्धटपणाही नव्हे.

छडीने ही शक्ती येत नाही. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. येथे उपयोगी पडतो तो वर्तनोपचार. त्याचे तत्त्व साधे आहे: ज्या वर्तनापाठोपाठ मुलास हवेसे काही मिळते, ते वर्तन पुन्हा घडते.

शिक्षकांनी प्रथम आठवडाभर तीन गोष्टी टिपाव्यात: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर त्यास काय मिळाले. वर्गात हशा पिकल्यामुळेच खोडी टिकून आहे, असे पुष्कळदा आढळेल.

त्यानंतर एका वेळी एकच सूचना द्यावी व ती मुलाकडून वदवून घ्यावी. कामाचा क्रम चित्रांनी पुठ्ठ्यावर काढून त्याच्यासमोर ठेवावा. पायरी पूर्ण होताच “तारीख न सांगता लिहिलीस, छान!” असे नेमके कौतुक करावे. प्रत्येक पायरीस एक चिंचोका द्यावा. पाच जमल्यावर घंटा वाजविण्याचा मान द्यावा. मिळविलेला चिंचोका रागाने परत घेऊ नये. सवय रुजली की हे आधार क्रमाक्रमाने कमी करावेत.

मुलास ऐकू येते का, दिसते का, ते उपाशी वा अपुऱ्या झोपेने आलेले नाही ना, हेही पाहावे. अडचण कायम राहिल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकास ते मूल आवर्जून दाखवावे. निदान करणे हे तज्ज्ञांचे काम आहे. शिक्षकाने नाव ठेवू नये.

आपल्या भागात कारखान्यांच्या कामामुळे वा वीटभट्टीच्या हंगामामुळे मुलांची शाळा मध्येच सुटते. अशा मुलाची घडी दर वेळी नव्याने विस्कटते. त्यावर ‘आळशी’ हा शेरा बसला, तर ते कायमचे शाळा सोडण्याचा संभव असतो. म्हणून टिपण व पुठ्ठा नव्या शाळेकडे पाठवावा. पालकांनाही हीच रीत समजावून सांगावी.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली आपल्याच जिल्ह्यातील बोर्डी येथे कार्य आरंभिले व पुढे ते कोसबाडला नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. मुलास दोष न देता त्यांनी व्यवस्था बदलली. आपल्या वर्गातही आरंभ तेथूनच व्हावा.