शिध्याबरोबर साबणही हवा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंत हातावर पोट असणाऱ्यांची मजुरी एका रात्रीत बंद झाली. तेव्हा मुंबईत ‘खाना चाहिये’सारखी मोहीम उभी राहिली, पारले कंपनीने बिस्किटांचे ३ कोटी पुडे वाटायचे जाहीर केले, राज्य सरकारने १० रुपयांची शिवभोजन थाळी ५ रुपयांवर आणली. भुकेल्याला घास द्यायला हे शहर मागे राहिले नाही. पण त्याच दिवसांत ‘वारंवार हात धुवा’ असे जो तो सांगत असताना, हाती पैसे नसलेल्या घराने साबण कुठून आणायचा, हा प्रश्न मागेच राहिला. आपल्या दानातली ही जुनी उणीव आहे: पोटाचा विचार होतो, अंगाचा होत नाही.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. मात्र रेशनचा गहू दळायचा तर गिरणीवाल्याला पैसे मोजावे लागतात. तेल, मिरची, गॅस, कपड्याच्या साबणाची वडी, टूथपेस्ट हे सारे रोखीचे. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये गेला, किंमत काही गेली नाही. रोकड आटली की घरची बाई आधी स्वतःच्या पॅडवर काट मारते, मग साबणावर. घाटकोपर-मुलुंडच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणारीला मळके कपडे घालून कामावर जाता येत नाही. तिच्यासाठी स्वच्छता हा आरोग्याइतकाच रोजगाराचाही प्रश्न आहे.

‘आधी पोट, मग साबण’ हे म्हणणे उपाशी माणसापुरते खरे. पण ज्या घरात तांदूळ येतो आणि साबण येत नाही, तिथे आणखी तांदूळ देऊन काय साधणार? ‘थेट पैसेच द्या’ हा सल्लाही रास्त आहे. ओळखीच्या कुटुंबाला पैसे देणे उत्तमच. संस्था मात्र घाऊक भावात घेते, त्यामुळे तेवढ्याच रकमेत जास्त घरांना सामान पुरते. राहिला ‘फुकट मिळाले की माणसे आळशी होतात’ हा आक्षेप. टाळेबंदीत गावी गेलेले असंख्य मजूर कामे सुरू होताच या शहरात परतले, ते कुणाच्या फुकटच्या शिध्यासाठी नव्हे, मजुरीसाठी.

म्हणून देण्याआधी विचारावे. रेशनकार्ड नसलेल्याला धान्य लागेल, चूल नसलेल्याला शिजवलेले अन्न, आणि कार्ड असलेल्या कुटुंबाला बहुधा तेल, तूरडाळ, साबण, पॅड. मुदत संपत आलेले किंवा घरात नकोसे झालेले सामान देऊ नये. वाढदिवसाला वा सणाला जवळच्या संस्थेला फोन करा, त्यांच्याकडून यादी घ्या आणि त्या यादीतलेच द्या.