पायाखालचें लोखंड

उसाच्या गळिताचा हंगाम जवळ आला कीं सातारा व सांगली जिल्ह्यांत, कारखान्यांच्या वाटेवर एखाद्या झाडाच्या सावलींत, चारही पाय बांधून आडवा पाडलेला बैल दृष्टीस पडतो. मोटारींतून जाणाऱ्या शहरवासी पाहुण्यास तो प्रकार निर्दयपणाचा वाटतो. वस्तुतः तेथें बैलाच्या पायांत जोडा चढविण्याचें काम चाललेलें असतें. त्यास पत्री मारणें म्हणतात, आणि तें करणारा तो नालबंद.

शेतांतील मऊ मातींत बैलास लोखंडाची मुळींच गरज नसते. त्याचा खूर मध्यें दुभंगलेला असतो. पाऊल टेकतांच दोन्ही भाग किंचित फाकतात आणि ढेकळांत रुततात. डांबरी सडकेवर रुतावयास जागाच नाहीं. तेथें खूर झिजतो, तळवा हुळहुळा होतो, आणि मागें दोन टनांहून अधिक ऊस भरलेली गाडी असतां एक पाऊल घसरलें तरी बैलाचा गुडघा फुटावयास तेवढें पुरतें. जोडींतला एक पडला कीं जुवाखालच्या दुसऱ्याचीही मान पिळवटते. गाडीवानाचें नुकसान तर त्याहून लांब पोहोंचतें. आटपाडी-जतकडून किंवा बीडकडून आलेल्या या मनुष्यानें मुकादमाकडून हंगामापूर्वींच उचल घेतलेली असते. बैल लंगडला म्हणून ती फिटत नाहीं.

घोड्याच्या खुरास एकच अखंड नाल पुरतो. बैलाच्या दुभंगलेल्या खुरास तो ठोकला तर फाकण्याची क्रियाच बंद पडेल. म्हणून प्रत्येक भागास स्वतंत्र पत्री लागते. एका बैलास आठ, जोडीस सोळा. पत्री पातळ असते व बहुतेक सगळा तळवा झांकते. पूर्वीं गांवचा लोहार मोडीच्या लोखंडाची पट्टी ठोकून ती घडवी. आतां बाजारांत तयार पत्र्याही मिळतात. घोडा तीन पायांवर शांत उभा राहतो, बैल राहत नाहीं. यास्तव त्याला दोरांनीं पाडावें लागतें. बैल पाडतांना जमीन मऊ पाहावी आणि त्याच्या शिंगांकडे एक जाणता माणूस ठेवावा, एवढी दया नालबंदाच्या धंद्यांत पूर्वापार आहे.

सगळें कसब खिळ्यांत आहे. खुराची आंतली कड, म्हणजे दोन भागांच्या फटीकडील बाजू, फार पातळ. तेथें खिळा मारतां येत नाहीं. सारे खिळे बाहेरच्या कडेनें, तेही टोंक बाहेर झुकेल असे मारावयाचे. खिळा खुराच्या भिंतींतून बोटभर वर बाहेर निघाला म्हणजे टोंक मोडून उरलेलें वांकवून दाबतात. तो जरा आंत गेला कीं जिव्हाळी लागते. बैल अंग आंखडून घेतो, आणि नालबंद तत्क्षणीं तो खिळा उपटतो. न उपटला तर दोन दिवसांत पू धरून बैल निजला म्हणून समजावें. चार पैसे वांचविण्यासाठीं हें काम स्वतःच्या हातानें करूं पाहणाऱ्यास येथेंच ठेंच लागते. पत्री घडवणें कोणासही साधेल. खिळ्याची दिशा हाताला यावी लागते.

गुळगुळीत पत्री ओल्या डांबरावर उघड्या खुराहूनही अधिक घसरते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. झिजेपासून राखण करते ती पत्री. पकड देतात ते खिळ्यांचे वर आलेले माथे. ते झिजून सपाट झाले कीं पत्री शाबूत असूनही बदलावी लागते. माथे फार उंच ठेवल्यासही चालत नाहीं. पाऊल डगमगतें आणि सांध्यावर ताण येतो.

हाच न्याय बर्फाळ डोंगरांवर माणसांनीं स्वतःच्या पायांस लावला आहे. ऑस्कर एकेन्स्टाइन नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें 1908 च्या सुमारास दहा दांत्यांची लोखंडी चौकट आंखली. ती बुटाखालीं बांधून गिर्यारोहक कठीण बर्फावर चढूं लागले. ती घडविली मात्र इटलींतील कूर्मायर गांवच्या आंरी ग्रिव्हेल या लोहारानें. पुढें स्कीच्या लांब फळ्यांवरून डोंगर चढणारांनीं दांत्यांची पट्टी फळीच्या मधोमध, बुटाखालीं बसविली. टांच उचलली कीं दांते वर येतात व फळी पुढें सरकते. भार पडला कीं दोन्ही कडांचे दांते बर्फांत घुसतात. बाजारांत ही वस्तु महाग असल्यानें हौशी लोक जाड अल्युमिनियमची पन्हाळी घेऊन, करवतीनें दांते कापून व कानशीनें घांसून ती घरीं करतात. गुलमर्गच्या उतारावर जाणारा मराठी तरुणही ती करूं शकेल. पण पत्रा पातळ असला तर दांते ऐन उतारावर वांकतात. पन्हाळी फळीहून फार रुंद असली तर दांत्यांवरचा दाब तिला पिळतो. माप घ्यावयाचें तें फळी समोर ठेवून, जसें नालबंद बैलाचा खूर हातांत धरून घेतो.

बैलास एक अडचण अधिक आहे: खूर वाढतो. पत्री झिजली नाहीं तरी खूर तिच्या कडेबाहेर येतो, खिळे सैल होतात, आणि सडकेच्या खड्यांत अडकलेली सैल पत्री खुराचा तुकडा घेऊन निघते. म्हणून गाडीवान रोज गाडी सोडल्यावर प्रत्येक पाय उचलून पत्री बोटानें हलवून पाहतो. गळीत संपलें कीं पत्र्या काढतात, खूर तासतात, आणि बैल पुन्हां उघड्या पायांनीं नांगराला जातात.